‘अ समरी’ म्हणजे शेवट नव्हे : न उलगडलेल्या जुन्या गुन्ह्यांचा आढावा कसा घेतला जातो

गेल्या पावसाळ्यात सिन्नर तालुक्यातील एक शिक्षिका नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात मला भेटल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती आणि तिच्यात एफआयआरची पिवळी पडलेली नक्कल, शवविच्छेदन अहवालाची झेरॉक्स आणि न्यायालयाकडून आलेली नोटीस अशी तीनच कागदपत्रे होती. त्यांच्या धाकट्या भावाचा खून होऊन नऊ वर्षे झाली होती आणि आरोपी कोण हे पोलिसांना अजून कळलेले नव्हते. नोटिशीत ‘अ समरी’ असे शब्द होते, आणि गावातल्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की याचा अर्थ फाइल बंद झाली. “वकीलसाहेब, म्हणजे आता केस संपली का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ते का, आणि पुढे काय होऊ शकते, हे नीट समजावून सांगायला मला त्या दिवशी दीड तास लागला. तेच येथे सविस्तर मांडतो, कारण असा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

महाराष्ट्रात तपास पूर्ण झाल्यावर पोलिसांकडे आरोपपत्र दाखल करण्याइतका पुरावा नसेल, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठवतात. तक्रार जाणूनबुजून खोटी दिली होती असे आढळले तर ‘ब समरी’, आणि गैरसमजातून दिली गेली किंवा मुळात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे निघाले तर ‘क समरी’. ‘अ समरी’चा अर्थ यांहून अगदी वेगळा आहे : गुन्हा घडला हे खरे, पण तो उघडकीस आला नाही. म्हणजे या कागदावर पोलीस स्वतःच लिहून देत असतात की फिर्यादीचे म्हणणे खरे आहे. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराने हा कागद पराभवाचा म्हणून वाचू नये. त्यात कोणाचीही निर्दोष मुक्तता झालेली नसते, कारण कोणावर खटलाच चाललेला नसतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. किरकोळ गुन्ह्यांना कायद्याने कालमर्यादा घातलेली आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर एक वर्षाच्या आत आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसाठी तीन वर्षांच्या आत. त्यापुढील गंभीर गुन्ह्यांना, म्हणजे खून, बलात्कार, दरोडा यांना, अशी कोणतीही मुदत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या खुनाचा आरोपी आज सापडला तरी त्याच्यावर खटला चालू शकतो, आणि कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचे असेल तर शिक्षेचे कलमही जुन्या भारतीय दंड संहितेतलेच लागते.

तिसरी गोष्ट तपास पुन्हा हाती घेण्याच्या अधिकाराची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) मध्ये ‘पुढील तपासा’ची तरतूद आहे. अंतिम अहवाल दिल्यानंतरही नवा पुरावा मिळाला तर पोलीस तपास चालू ठेवू शकतात. समरी मंजूर करणारा आदेश त्यासाठी आधी रद्द करून घेण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. येथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ‘पुढील तपास’ म्हणजे आधीच्या कागदांना जोडून केलेला तपास. ‘फेरतपास’ म्हणजे आधीचे सगळे बाजूला ठेवून नव्याने केलेला तपास, आणि तो आदेश फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच देऊ शकते. वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट फेरतपास म्हणतात, आणि मग चुकीच्या न्यायालयात चुकीचा अर्ज घेऊन माणसे हेलपाटे घालत राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण आत जाऊन नेमके काय करायचे असते?

जुन्या गुन्ह्याचा आढावा ही सर्वप्रथम वाचनाची गोष्ट आहे. ज्या अधिकाऱ्याने मूळ तपास केला त्याच्याऐवजी दुसऱ्याने, कोणताही संशयित डोक्यात न ठेवता, पहिल्या पानापासून सगळे दप्तर वाचायचे असते : स्टेशन डायरीतील पहिली नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, केस डायरी, प्रयोगशाळेकडून आलेला सीए (केमिकल ॲनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट. वाचताना तारीख आणि वेळ यांचा तक्ता करत जायचे. मग ज्या गोष्टी तपासाच्या धावपळीत दिसत नाहीत त्या दिसू लागतात. एखाद्या जबाबात चार माणसांची नावे असतात आणि जबाब मात्र तिघांचेच नोंदलेले असतात. पंचनाम्यात ‘दोन चहाचे कप’ लिहिलेले असते आणि मुद्देमालाच्या यादीत एकच कप असतो. पहिल्या आठवड्यात एका माणसावर संशय बसला म्हणून बाकीच्या शक्यता तिथेच थांबलेल्या असतात, आणि तो माणूस निर्दोष ठरल्यावर त्या शक्यतांकडे परत कोणी वळलेलेच नसते. हे शेवटचे सर्वांत जास्त घडते, असा माझा अनुभव आहे.

गुन्हेगाराचे नाव बहुतेक वेळा पहिल्यापासून कागदावर असते, असे जुने तपासी अंमलदार सांगतात. इंग्लंडमधील एक प्रकरण या बाबतीत जगभर अभ्यासले जाते. यॉर्कशायर आणि मँचेस्टर भागात १९७५ ते १९८० या काळात तेरा स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफची पोलिसांनी त्या वर्षांत नऊ वेळा चौकशी केली होती आणि प्रत्येक वेळी त्याला सोडून दिले होते. माहिती हजारो कार्डांवर हाताने लिहिलेली होती, आणि एका कार्डावरची नोंद दुसऱ्या कार्डाशी जुळवून पाहणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले होते. त्या अपयशातूनच ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणक प्रणाली उभी केली. आपल्याकडे एखाद्या ठाण्यात इतका कागद नसतो हे खरे, पण आपली अडचण निराळी असते. एका ठाण्याची हद्द विभागून नवे ठाणे होते, ग्रामीणचा भाग शहर आयुक्तालयाकडे येतो, अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात, आणि दप्तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाताना त्यातील नकाशा किंवा छायाचित्रांचे पाकीट मागे राहून जाते.

कागदानंतर येतो मुद्देमाल, आणि माझ्या मते आढाव्याचे यश-अपयश याच ठिकाणी ठरते. न्यायालयात मुद्देमालाचे एखादे जुने पुडके उघडताना पाहिले तर हे चटकन समजते. बाहेरून खाकी कागद, त्यावर सुतळी, गाठीवर लाखेचे सील, आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, जिच्यावरची शाई उडत आलेली असते. आत रक्ताचा डाग असलेला शर्ट असतो. हा शर्ट त्या दिवशी सावलीत वाळवून कागदात बांधला असेल, तर पंधरा-वीस वर्षांनंतरही त्यावरून डीएनए मिळण्याची आशा असते. तोच ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला असेल, तर आत बुरशी धरते आणि डाग कायमचा गेला. सील तुटलेले असेल किंवा चिठ्ठीवरचा गुन्हा रजिस्टर नंबर रजिस्टरशी जुळत नसेल, तर प्रयोगशाळेने कितीही चांगला निष्कर्ष दिला तरी बचाव पक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की हे पुडके तेच कशावरून? नऊ वर्षांपूर्वी पावसात उभ्या असलेल्या एका हवालदाराने काळजीने बांधलेली एक गाठ आजच्या सगळ्या तंत्रज्ञानाइतकी मोलाची असते.

लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. पहिल्या तपासात पोलिसांनी अक्षम्य हयगय केली होती. तरी संशयितांच्या घरांतून जप्त केलेले कपडे जपून ठेवले गेले होते. पुढे न्यायवैद्यक शास्त्रज्ञांनी त्यांचा नव्याने आढावा घेतला तेव्हा एका जाकिटाच्या कॉलरवर लांबीला अर्धा मिलिमीटर असलेला रक्ताचा डाग सापडला. तो डाग आणि कपड्यांवर मिळालेले बारीक धागे यांच्या आधारे जानेवारी २०१२ मध्ये दोघांना शिक्षा झाली. त्यांतील एका आरोपीची पूर्वी निर्दोष मुक्तता झालेली होती, आणि तिथल्या बदललेल्या कायद्यामुळेच त्याच्यावर पुन्हा खटला चालवता आला. आपल्याकडे हे शक्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(२) ने एकाच अपराधासाठी दोनदा खटला व शिक्षा यांना मनाई केली आहे, आणि निर्दोष सुटलेल्या माणसालाही प्रक्रिया कायद्याने तेच संरक्षण दिले आहे. म्हणून कच्च्या पुराव्यावर घाईने आरोपपत्र दाखल करून आरोपी सुटण्यापेक्षा, प्रामाणिक ‘अ समरी’ पुष्कळ बरी, असे मी पक्षकारांना नेहमी सांगतो.

डीएनएबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. गुन्ह्याच्या तपासात त्याचा पहिला मोठा वापर इंग्लंडमधील लेस्टरशायर येथे झाला. १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते, आणि एका तरुणाने त्यांतील एका खुनाची कबुलीही दिली होती. शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने तो तरुण निर्दोष असल्याचे आधी सिद्ध केले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क त्यानंतर पाच हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने घेतल्यावर आणि नमुना देताना त्याने केलेली फसवणूक उघड झाल्यावर हाती लागला. या तंत्राने सर्वांत आधी एका निरपराध्याला वाचवले, ही गोष्ट प्रत्येक तपासी अंमलदाराने ध्यानात ठेवावी. मात्र अज्ञात नमुना जुळवून पाहण्यासाठी आधीच्या नमुन्यांचा साठा लागतो, आणि त्यासाठीचे डीएनए विधेयक केंद्र सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. त्यामुळे आपल्याकडे डीएनए प्रामुख्याने संशयित सापडल्यानंतर खात्रीसाठी कामाला येतो. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असल्याने नमुना दूर पाठवावा लागत नाही, ही आपल्या जिल्ह्याची जमेची बाजू.

बोटांच्या ठशांचे चित्र अधिक आशादायक आहे. महाराष्ट्र पोलिसांची ‘अँबिस’ प्रणाली आणि २०२२ मध्ये सुरू झालेली ‘नाफिस’ ही राष्ट्रीय प्रणाली यांमुळे कपाटाच्या काचेवरून वीस वर्षांपूर्वी उचललेला ठसा आज संगणकावर लाखो ठशांशी ताडून पाहता येतो. त्या काळी तो फक्त जिल्ह्यातल्या नोंद असलेल्या गुन्हेगारांशी ताडला गेला असेल. तोच माणूस नंतर दुसऱ्या राज्यात चोरीत सापडला असेल, तर त्याचे नाव आता पुढे येऊ शकते. म्हणून कोणत्याही आढाव्यात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत आधी करण्याचे काम म्हणजे जुने ठसे नव्याने शोधाला लावणे.

मोबाइलच्या बाबतीत उलट परिस्थिती आहे. कॉलचे तपशील कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपावेत असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे, त्याआधी ही मुदत एकच वर्ष होती. सीसीटीव्हीचे चित्रण तर काही आठवड्यांत पुसले जाते. जे त्या वेळी मागवून दप्तरात लावले गेले तेवढेच उरते.

नाशिकसारख्या जिल्ह्यात एक प्रश्न वेगळ्याने सांगायला हवा, तो बेवारस मृतदेहांचा. गोदावरीचे पात्र, धरणे, मुंबई-आग्रा महामार्ग, इगतपुरीकडचे घाट आणि देशभरातून येणारे भाविक यांमुळे जिथे देह सापडतो तिथे त्या माणसाला ओळखणारे कोणी नसते, आणि जिथे त्याची हरवल्याची तक्रार असते ते ठाणे शेकडो किलोमीटर दूर असते. अशा वेळी ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते आणि शवविच्छेदनात घातपात स्पष्ट झाला नाही तर खुनाचा गुन्हाच दाखल होत नाही. रायगड जिल्ह्यात पेणजवळ २०१२ मध्ये सापडलेल्या जळालेल्या अवशेषांचा संबंध एका तरुणीच्या खुनाशी असल्याचा दावा तीन वर्षांनी, शस्त्राच्या एका वेगळ्याच गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाच्या चौकशीतून पुढे आला. तोपर्यंत ती खुनाची फाइल म्हणून कोणाच्या टेबलावर नव्हतीच. म्हणून आढावा फक्त ‘अ समरी’ झालेल्या गुन्ह्यांचा घेऊन भागत नाही. हरवलेल्यांची रजिस्टरे आणि अकस्मात मृत्यूची रजिस्टरे शेजारी शेजारी ठेवून, उंची, दातांची ठेवण, हातावर गोंदलेले नाव, साडीचा काठ असे एकेक ताडून पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात कोणाचा फोटो छापून येत नाही, पण त्यातून एखाद्या आईला आपल्या मुलाचे काय झाले ते कळते.

काळ पुरावा खातो, तसा तो कधी कधी माणसांची तोंडे उघडतोही. भीती घालणारा माणूस मरतो, नवरा-बायको विभक्त होतात, भागीदारांत फाटते, साक्षीदार गाव सोडून निर्धास्त होतो. दिल्लीत सप्टेंबर २००८ मध्ये झालेला पत्रकार सौम्या विश्वनाथन यांचा खून सहा महिने उलगडला नव्हता. मार्च २००९ मधील दुसऱ्या एका तरुणीच्या खुनात आरोपी पकडले गेले आणि त्यातून पहिल्याची उकल झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच्या तपासाला खरी गती २०१८ मध्ये मिळाली, ती कर्नाटकातील गौरी लंकेश प्रकरणाचा तपास आणि नालासोपाऱ्यातील शस्त्रसाठा यांतून पुढे आलेल्या माहितीमुळे. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. हद्दीबाहेरच्या गुन्ह्यांकडे पाहिल्याशिवाय हद्दीतला गुन्हा उलगडत नाही, हे या दोन्ही प्रकरणांत दिसते.

मात्र उशिरा बोललेल्या साक्षीदाराला न्यायालय पहिला प्रश्न विचारणारच : इतकी वर्षे गप्प का होता? त्याचे पटण्यासारखे उत्तर जबाबातच यायला हवे. वर्षांनंतर घेतलेल्या ओळख परेडला फारसे वजन नसते. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. तिच्यातून जी वस्तू प्रत्यक्ष सापडते तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य असतो. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० पासून ठरलेले आहे. जुना गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात या मर्यादा ओलांडल्या की खटला पडतो, आणि एकदा आरोपी निर्दोष सुटला की तो मार्ग कायमचा बंद होतो.

केरळमधील सिस्टर अभया या ख्रिस्ती जोगिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात सीबीआयने एकाहून अधिक वेळा तपास बंद करण्याची परवानगी मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली. १९९२ मधील त्या मृत्यूचा निकाल डिसेंबर २०२० मध्ये लागला. पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित केली, त्यामुळे अंतिम शब्द अजून बाकी आहे. पण अहवाल वाचून ‘हे पुरेसे नाही’ असे म्हणण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार किती खरा आहे, हे त्यातून कळते.

आपल्याकडे हे सगळे नियमितपणे का होत नाही, याचे कारण मला स्पष्ट दिसते. गुन्हे आढावा बैठकीत निर्गतीचे, म्हणजे निकाली काढलेल्या प्रकरणांचे, आकडे विचारले जातात आणि ‘अ समरी’ हीही निर्गतीच असते. ज्या अधिकाऱ्याने जुनी फाइल वाचायला घ्यायची, त्यालाच गणपतीचा, निवडणुकीचा, सिंहस्थाचा बंदोबस्त असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही दोन कामे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाशसिंग खटल्यात सांगितले होते. ते मनापासून अमलात येईपर्यंत एक साधा उपाय नाशिकच्याच हाती आहे. राज्याच्या उपनिरीक्षकांना घडवणारी पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रस्त्यावर आहे. तिथल्या प्रत्येक तुकडीला न उलगडलेल्या गुन्ह्याचे एकेक दप्तर वाचायला देऊन टिपण लिहून घेतले, तर त्यांचे शिक्षणही होईल आणि त्या दप्तरावर नवी नजरही पडेल.

कुटुंबाने काय करावे, हे त्या शिक्षिकांना मी सांगितले तेच लिहितो. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा १९८५ पासूनचा दंडक आहे. ती नोटीस घरी ठेवून देऊ नये, तारखेला हजर राहून लेखी हरकत द्यावी. हरकतीत राग लिहू नये; कोणाचा जबाब राहिला, कोणती वस्तू तपासली गेली नाही, हे मुद्देसूद लिहावे. समरी आधीच मंजूर झाली असेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त यांच्याकडे पुढील तपासाचा अर्ज करता येतो आणि दाद न मिळाल्यास उच्च न्यायालयात जाता येते. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे : गुन्हेगार सापडला नसला आणि खटला उभा राहिला नसला, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज करू शकतात.

त्या बाईंनी हरकतीत दोनच मुद्दे घातले. भावाच्या सायकलच्या हँडलवरून उचललेल्या ठशाचे पुढे काय झाले, आणि त्या रात्री त्याच्यासोबत जेवायला असलेल्या चौथ्या मुलाचा जबाब कुठे आहे? दोन्ही गोष्टी पोलिसांच्याच कागदांत होत्या. न्यायालयाने समरी नामंजूर करून पुढील तपासाचा आदेश दिला आहे. ठसा प्रयोगशाळेच्या प्रतीसह दप्तरात सापडला असून तो शोधाला लावला आहे. चौथा मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो, त्याला समन्स गेले आहे.